पथ्य, पाप आणि फराळाचे ताट

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की अलीकडे त्याच्याबरोबर एक नवे शब्दभांडारही पुढे येते. पूर्वी चकली हातात घेतल्यावर ती खुसखुशीत आहे की वातड, काटा नीट सुटला आहे की नाही, मोहन बेताचे पडले आहे का, एवढीच चर्चा व्हावयाची. आता "एका चकलीत कॅलरी किती हो?" असा प्रश्न येतो. अनारशाकडे निघालेला हात मध्येच थबकतो आणि "माझे एचबीए-वन-सी ६.८ आले आहे" असे कोणी तरी खालच्या आवाजात सांगतो. तिसरा कोणी "आमचे लाडू शुगर-फ्री आहेत, बिनघोर घ्या" म्हणून डबा उघडतो. जे शब्द एकेकाळी दवाखान्याच्या भिंतीआड असत, ते आता माजघरात पाट टाकून बसले आहेत.

ते आले याबद्दल माझी तक्रार नाही. मराठीने असे कितीतरी पाहुणे घरचे करून घेतले. तक्रार आहे ती त्यांच्या बदललेल्या स्वभावाची. हे शब्द आले तेव्हा ते मोजमापाचे होते. बघता बघता ते न्यायनिवाड्याचे झाले. दोन करंज्या खाऊन झाल्यावर शिकलेली सवरलेली माणसे "आज पाप केले" असे हसत हसत म्हणतात. मिठाईच्या खोक्यावर 'गिल्ट-फ्री' असे छापलेले असते, आणि आठवड्यातून एक दिवस मनासारखे जेवायचे तर त्याला 'चीट डे', म्हणजे फसवणुकीचा दिवस म्हणतात. फसवणूक कोणाची, हे मात्र कोणी सांगत नाही. थट्टेने बोललेले शब्द थट्टेपुरतेच राहते तर प्रश्न नव्हता. पण ज्याला खरोखर मधुमेह जडला आहे, त्याच्या कानावर ते पडतात तेव्हा त्यांचा अर्थ निराळा होतो. त्याच्या पाठीमागे लोक एवढेच म्हणतात, "जिभेवर ताबा नव्हता, दुसरे काय!" म्हणून या सणाच्या निमित्तानेच विचारावेसे वाटते की अशा आजाराला दोष म्हणावे काय? आणि म्हणावयाचेच, तर तो कोणाचा?

आधी शब्दांकडेच थोडे पाहू. 'पथ्य' या आपल्या शब्दाच्या पोटात 'पथ' आहे. जे वाटेला धरून आहे ते पथ्य. 'डाएट' हा शब्द ज्या ग्रीक शब्दातून आला, त्याचा अर्थही जगण्याची रीत असाच होता. खाद्यपदार्थांची यादी हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. दोन्ही शब्दांत शिक्षेचा वासही नाही. 'मेटाबॉलिझम'ला आपण 'चयापचय' म्हणतो, म्हणजे साठवणे आणि झिजवणे; हा तर जमाखर्चाचा निर्मळ शब्द आहे. आणि तुपातेलाला आपल्या पूर्वजांनी 'स्नेह' म्हटले. ज्या भाषेत चरबीला आणि प्रेमाला एकच शब्द आहे, त्या भाषेतल्या गृहिणीने पाहुण्याच्या वरणावर तूप वाढताना हात आखडता कसा घ्यावा!

कॅलरीचेही तसेच. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जी उष्णता लागते, ती आपण आहारात जिला कॅलरी म्हणतो ती. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात माणसांना एका बंद खोलीत ठेवून त्यांनी काय खाल्ले आणि किती उष्णता बाहेर टाकली याचा ताळा मांडला. त्यातून निघालेले आकडे आजही चालतात: प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅमला चार, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला नऊ. म्हणजे पाच ग्रॅम साखरेच्या चमच्यात वीस कॅलरी आणि तेवढ्याच तुपात पंचेचाळीस. यात पापपुण्य कुठे आले? शेरभर दूध म्हटल्यावर कोणी शेराला दोष देत नाही.

'ग्लायसेमिक इंडेक्स' या शब्दाची कथा अधिक गमतीची आहे. टोरांटोचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. एखाद्या पदार्थातल्या ठराविक कर्बोदकांनी रक्तातली साखर किती चढते, हे शुद्ध ग्लुकोजला शंभर धरून मोजायचे. कल्पना कामाची आहे. पण चरबीमुळे पोट सावकाश रिकामे होते आणि साखर सावकाश चढते, त्यामुळे या मापात आइस्क्रीम उकडलेल्या बटाट्यापेक्षा खाली बसते! ज्याला इंडेक्स म्हणजे सात्त्विकतेची पायरी वाटते, त्याने बटाटा टाकून आइस्क्रीम खावे काय? मापाला मापच राहू द्यावे ते यासाठी.

उपवासाचा विषय निघालाच आहे असे समजून एक आडवळण घेतो. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, त्यात पडणारा बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे सारे अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेले. ज्या शास्त्रकारांच्या नावाने आपण हे पवित्र ठरवले, त्यांनी यांतले एकही पाहिलेले नव्हते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही. असो.

आता दोषाकडे येऊ. पापपुण्याची रेघ निदान पक्की तरी असावी, अशी आपली अपेक्षा असते. आरोग्याच्या आकड्यांत ती पक्की नसते. उपाशीपोटी रक्तातली साखर १४० असली तर मधुमेह, असे अमेरिकेत बरीच वर्षे धरत असत. १९९७ साली तिथल्या मधुमेह संघटनेने ती रेघ १२६वर आणली. वजनाच्या निर्देशांकाचेही तेच झाले. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचे, हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले याने शोधले, तेही वैद्यकासाठी नव्हे, तर 'सरासरी माणूस' कसा असतो या संख्याशास्त्रीय कुतूहलापायी. १९९८ साली अमेरिकेत या निर्देशांकाची सीमा २५वर उतरवली गेली, आणि अडीच-तीन कोटी माणसे एका रात्रीत स्थूल ठरली. त्या रात्री त्यांनी काहीएक जास्त खाल्ले नव्हते. आपल्या लोकांसाठी तर ही सीमा २३ धरतात. रेघा हलवणाऱ्यांची कारणे सयुक्तिक होती, हे मला मान्य आहे. लवकर कळले तर लवकर उपाय होतो. पण जी रेघ समितीच्या बैठकीत हलते, तिच्या अलीकडचा सदाचारी आणि पलीकडचा चैनी, असे मानणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

एचबीए-वन-सी हा आकडा तर मला चित्रगुप्ताच्या वहीसारखा वाटतो. रक्तातल्या तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. त्या काळात साखर त्यांच्या रंगद्रव्याला चिकटत राहते, आणि किती चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून ही वही फसवता येत नाही. परंतु चित्रगुप्ताच्या वहीत आणि हिच्यात एक फरक आहे. चित्रगुप्त फक्त तुमचीच कर्मे लिहितो. या वहीत तुमच्या आईने आणि आजीने काय खाल्ले, किंबहुना काय खाल्ले नाही, तेही लिहिलेले असते.

हे अलंकाराने म्हणत नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक सहज आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. सहज म्हणजे मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला. असा रोगी कृश असतो. दुसरा स्थूल आणि बहुभक्षी. त्या प्राचीन वैद्याने दोघांना एकाच मापाने मोजले नाही, ही मोठी गोष्ट होय. आपण मात्र सर्वांना दुसऱ्याच रांगेत उभे केले. लहानपणीच इन्सुलिन लागणाऱ्या मुलाच्या आईलाही "फार चॉकलेट दिले असेल" म्हणून ऐकावे लागते. वास्तविक त्या मुलाच्या शरीरानेच आपल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट केलेल्या असतात. चॉकलेटचा त्यात काडीचा संबंध नसतो.

पण आपल्याकडचा जो नेहमीचा, मध्यम वयातला मधुमेह, तो तरी सर्वस्वी जिभेचा म्हणावा काय? याचे उत्तर शोधण्याचे फार मोलाचे काम आपल्या पुण्यात झाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या आहाराची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या स्त्रियांचे वजन सरासरीने ४२ किलोंच्या आसपास. शेतातली कामे करून त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे १८०० कॅलरी जात. त्यांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, विलायती बाळाहून पाऊण-एक किलोने हलकी. पण मोजमाप घेता आढळले ते निराळेच. या रोडक्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातली इंद्रिये लहान होती, चरबी मात्र जवळजवळ शाबूत होती. दिसायला बारीक आणि आतून मेदाळ! अशा शरीराला पुढे पोटभर अन्न आणि बैठे काम मिळाले की साखर सांभाळणे जड जाते.

२००४ साली याच डॉ. याज्ञिकांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही वजन-निर्देशांक नेमका २२.३. चरबी मात्र युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! संशोधकाने स्वतःचाच दाखला असा जगापुढे ठेवावा, यातला मिस्किलपणा मला फार आवडला.

त्या सहा खेड्यांतली आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. बाळाच्या वाढीचा संबंध आईने एकंदर किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसा दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी. आणि पुष्कळ मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. आता हे तीन पदार्थ आपल्या जुन्या स्वयंपाकघरात कोणाच्या वाट्याला येत, ते आठवून पाहावे. दूध मुलांना आणि पुरुषांना. फळ आजाऱ्याला. भाजी आधी बसलेल्यांना. आणि मागून बसणारीच्या ताटात भाकरी, चटणी व भांड्याला लागलेले कालवण. आमच्या नात्यातल्या एका मावशींना मी कधी पहिल्या पंगतीला बसलेले पाहिले नाही. "माझे काय, मला काहीही पुरते," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते वाक्य आम्ही सर्वांनी त्याग म्हणून ऐकले आणि त्याचे कौतुक केले. पुढे त्यांच्या थोरल्या मुलाला पस्तिशीतच मधुमेह निघाला, तेव्हा नातेवाइकांत चर्चा झाली ती त्याला आवडणाऱ्या श्रीखंडाची. एका माणसाच्या बाबतीत कारण इतके सरळ सांगता येत नाही, हे खरेच. पण चर्चा श्रीखंडापाशीच सुरू झाली आणि तिथेच संपली, मावशींच्या ताटापर्यंत कोणीच गेले नाही.

"इतके पुरते" हे वाक्य माणसाने स्वतःविषयी म्हणणे आणि दुसऱ्याविषयी ठरवणे, यांत केवढे अंतर आहे! १८७७ साली, दख्खनच्या भयंकर दुष्काळात, सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवले की दुष्काळी कामावर राबणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरेल. सरकारचा खर्च वाचवणे हे त्यातले उघड कारण. आणि जास्त दिले तर लोक आळशी होतील, ही त्यामागची नीती. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला कसून विरोध केला. पोषणाचा आकडा आणि नीतीचा उपदेश एकत्र आले म्हणजे काय होते, याचा हा आपल्याच भूमीवरचा धडा आहे. उपाशी माणसाला तेव्हा आळशी म्हटले. त्यांच्या पणतवंडांना आता खादाड म्हणतात.

हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे उपासमार झाली. त्या महिन्यांत जी बालके आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीराला पन्नाशीत साखर सांभाळणे इतरांपेक्षा जड जात असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आपल्याकडे पितृऋण म्हणतात ते श्राद्धतर्पणाने फेडायचे असते. हे दुसरे ऋण शरीर आपणहून फेडीत राहते, ऋणको कोण हे न विचारता.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की दोष नाही असे एकदा ठरले म्हणजे पथ्य तरी कोण पाळणार? सर्व आजीच्या माथी मारले की नातू जिलब्या खायला मोकळा! आक्षेप वजनदार आहे. पथ्याने फरक पडतो, यात शंका नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात मधुमेह झालेल्या लोकांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आत-बाहेर कॅलरींवर ठेवले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून आटोक्यात होती. आपल्याकडे डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून निघालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचवलेली, दोनदाच जेवण्याची पद्धत लाखो लोकांनी उचलली, तीही काही तरी करता येते या आशेनेच. तेव्हा हात बांधून बसा, असे माझे म्हणणे नाही.

पण त्या ब्रिटिश प्रयोगातलाच आणखी एक आकडा पाहावा. ज्यांनी दहा ते पंधरा किलो वजन उतरवले, त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांची साखर ताळ्यावर आली. म्हणजे बाकीच्या ४३ टक्के लोकांनी तेवढेच वजन घटवले, तेवढाच निग्रह केला, आणि तरीही ते रोगीच राहिले. त्यांना काय म्हणाल? ज्याच्या निग्रहाला फळ आले तो पुण्यवान, आणि ज्याच्या आले नाही तो पापी, असा न्याय यमाच्या दरबारातही चालावयाचा नाही. वडिलांनी काढलेले कर्ज मुलगा फेडतो. ते त्याने काढले म्हणून नव्हे, तर आता सातबारा त्याच्या नावावर आहे म्हणून. जबाबदारी त्याची, अपराध त्याचा नव्हे. हे दोन शब्द आपण शेतीच्या बाबतीत बरोबर वेगळे ठेवतो. शरीराच्या बाबतीत ते का मिसळतो, हे मला उमगत नाही.

मिसळण्याची हौस फेडून घेण्याची आपली खास जागा म्हणजे पंगतीतला आग्रह. "एका लाडवाने काय होते?" असे यजमानीण म्हणते. तिचे खरेच असते. एका लाडवाने काही होत नाही. पण दिवाळीत माणूस दहा घरी जातो आणि दहाही घरी तो एकच लाडू असतो. नको म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. नुसते "नको" आपल्याकडे उद्धटपणाचे. "मला शुगर आहे" म्हटले तरच सुटका. म्हणजे एक लाडू नाकारायला माणसाने भरल्या दिवाणखान्यात आपल्या रक्ताचा दाखला दाखवायचा! मग दुसऱ्या बाजूने सल्ले सुरू होतात: मेथ्या भिजवून खा, कारल्याचा रस घ्या, भात सोडा. पुरुष एक वेळ हसून सोसतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचे काय? इन्सुलिनची सुई पर्समध्ये लपवून, लग्नघरी न्हाणीघराची कडी लावून टोचून घेणाऱ्या मुली आपल्या शहरांतून आहेत. तिने साखर लपवली असे पुढे सासरचे म्हणतील. ती लपवावी लागेल अशी बोलणी कोणी केली होती, हे मात्र कोणी विचारणार नाही.

स्नेह वाढायचाच असेल तर तो पुष्कळ तऱ्हांनी वाढता येतो. एका घरी मी पाहिले आहे, फराळाची ताटे भरून हातात देत नाहीत. डबे मधोमध ठेवतात, शेजारी भाजलेले दाणे, ओल्या नारळाच्या कातळ्या, पेरूच्या फोडी, आणि प्रत्येकाने आपापले घ्यावे. कोणी काय घेतले याकडे कोणी पाहत नाही. त्या घरची माणसे कंजूष आहेत असे आमच्या आळीत काही जण म्हणतात. म्हणोत बापडे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेही दहा कोटींच्या वर निघाले, उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींहून अधिक; आणि प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६ टक्क्यांच्या वर. इतक्या कोटी माणसांना एकाच वेळी जिभेचा मोह अनावर झाला, असे मानणाऱ्याला मानवी स्वभावाविषयी काही तरी विलक्षण सिद्धान्त मांडावा लागेल.

पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत १९९३ नंतर जन्मलेली मुले-मुली आता पुरती मोठी झाली आहेत. २०१२ सालापासून त्यांच्यातल्या काहींना, लग्ने होण्याच्या आधीच, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अगदी थोड्या मात्रेच्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीचा नव्हे, त्यांना पुढे होणाऱ्या बाळांचा. मुलींप्रमाणे मुलांनाही त्यात घेतले, हे मला विशेष वाटले. गोळी दोन मायक्रोग्रॅमची असते; ती पाण्याबरोबर गिळता येते. त्या मुली ज्या घरांत नांदायला गेल्या, तिथे रात्री पहिल्या पंगतीला कोण बसते, हे मात्र त्या घरांनाच ठरवावे लागणार आहे.